लक्षणीय म्हणजे काय, ते आधी सांगा

प्रति,
मराठीत विज्ञानाचे शब्द ठरवणाऱ्या सगळ्या समित्या, मंडळं आणि त्यांवरची विद्वान मंडळी यांस,

नमस्कार.

मी गोव्यातल्या पेडणे तालुक्यातला. सकाळ-संध्याकाळ पोरांना फिजिक्स शिकवतो आणि मधल्या वेळात इंग्रजीतनं मराठीत भाषांतरं करतो, प्रेसनोट, औषधाच्या चाचणीत भाग घेणाऱ्यांचे संमतीचे फॉर्म, समुद्राचे इशारे, जे पदरात पडेल ते. तुमचे परिभाषा कोश रोज वापरतो, पानं सुटी झालीत त्यांची. म्हणजे हे पत्र कोणा बाहेरच्याचं नाही, तुमच्या जुन्या गिऱ्हाइकाचं आहे. आणि गिऱ्हाइकाची तक्रार एवढीच की तुम्ही डब्यावर लेबल फार सुंदर लावता, पण आत काय भरलंय ते कुठेच लिहीत नाही.

गोष्ट गेल्या ऑगस्टातली. मासेमारी बंदी नुकतीच उठलेली, समुद्र अजून पुरता निवळलेला नव्हता, आणि आमच्या वाड्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक इशारा फिरला, 'लक्षणीय लाटांची उंची २.८ मीटर राहण्याची शक्यता'. शेजारचे आबा, सत्तरी ओलांडलेले, अख्खी हयात होडीत गेलेली, फोन हातात घेऊन माझ्या बलकांवात, म्हणजे ओसरीवर, आले. "सर, हें लक्षणीय म्हणजे कितें रे?" मी पेपर तपासत होतो, मान वर न करता म्हटलं, नजरेत भरण्यासारखं. आबा म्हणाले, म्हणजे सगळ्यात मोठी लाट २.८, मग त्यात काय, तेवढी तर आम्ही सदाच बघतो. आणि निघाले.

तो इशारा मीच भाषांतर केलेला होता. कोशात बघून.

मी पेन टाकलं आणि चपला न घालता त्यांच्या मागे गेलो. गडग्यावर बसवून सांगितलं की आबा, सगळ्यात मोठी नाही हो. समजा एका जागी उभं राहून तुम्ही तीनशे लाटा मोजल्या, त्या लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीत लावल्या, खालच्या दोनशे सोडून दिल्या आणि वरच्या शंभर लाटांच्या उंचीची सरासरी काढली, तर जो आकडा येतो तो हा २.८. म्हणजे त्या शंभरातल्या बऱ्याच लाटा २.८ पेक्षा मोठ्या असणार, आणि हजारेक लाटा गेल्या की त्यात एखादी तरी जवळजवळ दुप्पट, पाच मीटरच्या वरची निघते, हा काही अपघात नाही, हिशोबातच बसलेलं आहे ते. आबांनी ऐकून घेतलं, विडी काढली, आणि म्हणाले, मग 'मोठ्या लाटांची सरासरी' असं सरळ लिवायला काय झालं तुला?

काय झालं होतं मला? काहीच नाही. इंग्रजीत सिग्निफिकंट होतं, कोशात सिग्निफिकंटसमोर लक्षणीय होतं, मी उचललं आणि चिकटवलं. गंमत म्हणजे त्या इंग्रजी शब्दाचा जन्मही असाच खलाशाच्या नजरेतनं झालाय. दुसऱ्या महायुद्धात सैन्य किनाऱ्यावर उतरवायचं तर लाटा किती असतील ते आधी सांगायला हवं, म्हणून हॅराल्ड स्वेर्द्रुप आणि वॉल्टर मंक यांनी जे काम केलं त्यात हे माप आलं, आणि ते उपयोगी ठरलं कारण जाणता खलाशी नुसत्या डोळ्याने 'आज लाटा इतक्या आहेत' म्हणून जो आकडा सांगतो त्याच्या ते जवळ जातं. छोट्या लाटा डोळा धरतच नाही ना. आता तर समुद्रात सोडलेले बोये, म्हणजे तरंगती मोजयंत्रं, लाटा ओळीत लावत बसत नाहीत, पाण्याच्या पातळीच्या चढउताराचं प्रमाण विचलन, म्हणजे पातळी सरासरीपासून साधारण किती हटते ते, काढतात आणि त्याला चारने गुणतात, येणारा आकडा जुन्या व्याख्येच्या जवळपास असतो पण तंतोतंत तोच नसतो. म्हणजे एका नावाखाली दोन व्याख्या नांदतायत. आणि आम्ही म्हणतो लक्षणीय.

त्याच आठवड्यात दुसरा घाव बसला. माझी मावशी गुडघ्याच्या एका औषधाच्या चाचणीत होती, तिला शेवटी एक पानाचा निकाल मराठीत मिळाला, त्यात वाक्य होतं, 'दोन्ही गटांमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही'. मावशीने तात्पर्य काढलं की औषध फुकट, सहा महिने उगाच गोळ्या गिळल्या. आता हा लक्षणीय आणि आबांचा लक्षणीय यांचं काही नातं नाही. संख्याशास्त्रातला सिग्निफिकंट म्हणजे असं की, दोन गटांत खरोखर काहीच फरक नाही असं क्षणभर धरून चाला, मग निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता किती ते काढा, ती पी-व्हॅल्यू, आणि ती आधी ठरवलेल्या रेषेच्या खाली गेली तर फरक सिग्निफिकंट म्हणायचा. ही रेषा बहुतेक वेळा ०.०५, म्हणजे वीसात एक. रोनाल्ड फिशरने १९२५ मध्ये ही सोयीची म्हणून सांगितली आणि ती अशी चिकटली की आज तीच कायदा झालीय.

ह्या व्याख्येत फरक मोठा आहे का लहान याबद्दल एक अक्षर नाही, बघा. समजा एका ब्लडप्रेशरच्या गोळीने वरचं प्रेशर सरासरी फक्त १ ने खाली येतं, माणसामाणसांतला फरक १५ च्या आसपासचा, आणि दोन्ही गटांत पाच-पाच हजार माणसं आहेत. हा फरक संख्याशास्त्राच्या भाषेत दणदणीत सिग्निफिकंट येतो, हजारात एकाहूनही कमी योगायोग. पण पेशंटला त्या एका आकड्याचं काय लोणचं घालायचंय? आणि उलट मावशीच्या चाचणीसारखी चाळीस-पन्नास माणसांची चाचणी असली तर औषधाने बऱ्यापैकी आराम पडूनही निकाल 'लक्षणीय नाही' असा येऊ शकतो, कारण माणसं थोडी. तिथे खरं वाक्य 'फरक नाही' असं नसतं, 'आहे की नाही ते एवढ्या माणसांवरून सांगता येत नाही' असं असतं. या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि आपण दोन्हींसाठी एकच मुका शब्द वापरतो. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनला २०१६ मध्ये खास निवेदन काढून सांगावं लागलं की बाबांनो, पी-व्हॅल्यू म्हणजे तुमचं म्हणणं खरं असण्याची शक्यता नव्हे, आणि तिच्यावरून परिणाम किती मोठा तेही कळत नाही. इंग्रजीत शिकून-सवरून डॉक्टर झालेल्यांना ते सांगावं लागलं, मग माझ्या मावशीचं काय चुकलं.

तिसरा सिग्निफिकंट माझ्या ट्यूशनमध्ये रोज भेटतो. सिग्निफिकंट फिगर्स. हिंदी पुस्तकांत त्याला सार्थक अंक म्हणतात, चांगला शब्द आहे. २.८ मीटर आणि २.८० मीटर हे पोराला एकच वाटतं, शून्य काय उगाच लावलं म्हणतो, पण २.८ लिहिणारा सांगतोय की माझी खात्री दशांशाच्या पहिल्या घरापर्यंतच आहे, खरं माप २.७५ ते २.८५ मध्ये कुठेही असेल, आणि २.८० लिहिणारा म्हणतो मी सेंटिमीटरपर्यंत मोजलंय. म्हणजे शब्द एक, पण फिजिक्समध्ये तो मोजणाऱ्याच्या खात्रीबद्दल बोलतो, समुद्रशास्त्रात वरच्या तिसऱ्या हिश्श्याच्या सरासरीबद्दल, आणि मेडिकल स्टॅटिस्टिक्समध्ये योगायोगाबद्दल. इंग्रजीवाल्यांनी हा घोळ करून ठेवला, ठीक आहे, त्यांचा इतिहास तसा. पण आपल्याला कोरी पाटी मिळाली होती हो! तीन वेगळे शब्द करता आले असते. आपण त्यांचा घोळ जसाच्या तसा उचलून संस्कृतात आणला.

असंच नॉर्मलचं. आईची रक्ताची तपासणी केली, रिपोर्टवर दोन ठिकाणी चांदण्या, म्हणजे आकडा नॉर्मल रेंजच्या बाहेर असल्याची खूण, छापून आल्या, घरात सुतक आल्यासारखी शांतता. लॅबवाल्यांची नॉर्मल रेंज म्हणजे काय, तर पुष्कळ धडधाकट माणसांची तपासणी करायची आणि त्यातल्या मधल्या ९५ टक्क्यांचे आकडे जिथपासून जिथपर्यंत येतात ती रेंज. म्हणजे व्याख्येनेच वीसातला एक धडधाकट माणूस रेंजच्या बाहेर पडणार. वीस वेगवेगळ्या टेस्ट केल्या आणि त्या एकमेकींवर अवलंबून नाहीत असं धरलं, तर शंभर निरोगी माणसांतल्या चौसष्ट जणांच्या रिपोर्टवर कुठे ना कुठे एक तरी चांदणी येईल. हे एक वाक्य रिपोर्टखाली मराठीत छापलं तर किती घरांतलं जेवण सुरळीत होईल. त्याऐवजी छापलेलं असतं 'सामान्य मर्यादा', आणि मर्यादा ओलांडली म्हटलं की आपल्याकडे काय वाटतं ते तुम्हाला माहीत आहे.

तरी फिजिक्समधल्या नॉर्मलला, म्हणजे आरशावर काटकोनात काढतो त्या रेषेला, पुस्तकात 'स्तंभिका' म्हटलंय आणि तो शब्द मला मनापासून आवडतो. खांबासारखी उभी रेषा, पोराला सांगावंच लागत नाही. ज्याने कोणी केला त्याला माझा नमस्कार पोचवा. मात्र 'विकृती' करणाऱ्याला पोचवू नका. तार ओढली की तिची लांबी मूळ लांबीच्या किती पट वाढली त्या गुणोत्तराला विकृती म्हणायचं, आणि पॅथॉलॉजी म्हणजे विकृतिशास्त्र. एका पोराने विचारलं, सर, तारेला कुठला आजार झालाय?

शेजारच्या दुकानात काय चाललंय ते न बघता शब्द केला की असं होतं. फिजिक्सची समिती एका खोलीत, वैद्यकाची दुसऱ्या, समुद्राचा तर बहुधा भूगोलातच निकाल लागतो. 'क्षारता' घ्या. आपल्या मराठी पुस्तकांत सॉल्ट म्हणजे क्षार आणि समुद्राचा खारेपणा म्हणजे क्षारता. हिंदीत सॉल्ट म्हणजे लवण, आणि क्षार म्हणजे आम्लाच्या उलट ते अल्कली. गोव्यात आम्ही केंद्र सरकारची हिंदी पत्रकं आणि मराठी पेपर दोन्ही वाचतो, त्यामुळे समुद्राची क्षारता वाढली असं वाचलं की पाणी खारट झालं की साबणासारखं झालं ते ज्याने त्याने ठरवायचं. आणि समुद्रशास्त्रात दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या मोजतात, दोन्ही महत्त्वाच्या आहेत, म्हणून गोंधळ नुसता भाषेचा राहत नाही.

सरळ 'खारेपणा' म्हणा की. आगरवाड्याच्या मिठागरांत काम करणाऱ्या कोणालाही विचारा, त्याला समजेल. त्याला हेही सांगावं लागणार नाही की पावसात खाडीचं पाणी गोडं होतं आणि चैत्रात खारं, त्याचं सगळं मीठ त्यावर आहे. सांगायचं आहे ते पुढचं, की खारेपणाची व्याख्या दोनदा-तीनदा बदललीय. आधी पाण्यातलं क्लोराईड मोजून त्यावरून हिशोब करायचे, १९७८ च्या पद्धतीत पाण्यातून वीज किती सहज जाते त्याचं एका ठरावीक द्रावणाशी गुणोत्तर काढून खारेपणा सांगू लागले, आणि गुणोत्तर असल्यामुळे त्याला एककच नाही, नुसतं ३५. मग २०१० मध्ये नवीन पद्धत आली त्यात पुन्हा एक किलो पाण्यात किती ग्रॅम विरघळलेले क्षार असं माप आलं. म्हणजे जुन्या पेपरात '३५' आणि नव्यात '३५.२ ग्रॅम प्रति किलो' असं दिसलं तर समुद्र खारट झाला असं नाही, मोजायची रीत बदलली. माझ्या एका विद्यार्थिनीचा एककाविना ३५ लिहिलं म्हणून अर्धा मार्क कापला गेला होता, आता त्या पोरीला काय सांगू, मास्तर १९७८ च्या आधीचे आहेत म्हणून?

किलोग्रॅमचंही तेच. पॅरिसजवळ काचेच्या घंटेखाली ठेवलेला धातूचा दंडगोल म्हणजे एक किलो, ही व्याख्या १८८९ पासून चालली आणि २० मे २०१९ ला रिटायर झाली, आता किलो प्लांकच्या स्थिरांकावरून, म्हणजे निसर्गातल्या एका न बदलणाऱ्या आकड्यावरून, ठरतो. म्हापशाच्या बाजारात कांदा तेवढाच मिळतो, पण व्याख्या बदलली. कोशातल्या नोंदीवर तारीख पाहिजे ती एवढ्यासाठी.

आता सगळ्यात जास्त ज्याने छळलं त्याच्याकडे येतो. 'सागरी उष्णतेची लाट'. अलीकडे बातम्यांत येते, मीही लिहिलीय. मरीन हीटवेव्ह. आबांनी विचारलं, ही लाट कुठून येते, किती उंच? अगदी रास्त प्रश्न. कारण ती लाट नाहीच. आणि उष्णताही नाही, तापमान आहे. उष्णता आणि तापमान यातला फरक हा फिजिक्सचा पहिला पाठ, उष्णता म्हणजे गरम वस्तूकडून थंड वस्तूकडे जाणारी ऊर्जा आणि तापमान म्हणजे थर्मामीटरवर दिसतो तो आकडा, पण आपल्या घरात तर आंबे जास्त खाल्ले की उष्णता होते, तोंड येतं, मग कोकमाचं सरबत प्यायचं. त्या उष्णतेला मी काही बोलत नाही, तिची स्वतःची परंपरा आहे आणि कोकम सरबताला माझा पाठिंबा आहे. पण तीच उष्णता घेऊन वर्गात शिरलेल्या पोराला जूल आणि कॅलरी शिकवताना घाम येतो.

तर सागरी उष्णतेच्या लाटेची जी व्याख्या २०१६ पासून शास्त्रज्ञ वापरतात ती अशी. एका जागेचं समुद्राच्या पाण्याचं साधारण तीस वर्षांचं तापमान घ्या. वर्षातल्या प्रत्येक तारखेला, त्या तारखेच्या आसपासच्या दिवसांचे सगळ्या वर्षांतले आकडे ओळीत लावा आणि ज्याच्या खाली नव्वद टक्के आकडे येतात ती रेषा काढा. पाण्याचं तापमान त्या रेषेच्या वर निदान पाच दिवस सलग राहिलं तर ती मरीन हीटवेव्ह. झालं! म्हणजे मोजतो तापमान, फिजिक्सचं, कुठे तर समुद्रात, आणि ठरवतो नव्वदाव्या पर्सेंटाइलने, तोच पर्सेंटाइल जो बाळाच्या वजनाच्या तक्त्यावर लहान मुलांच्या डॉक्टरकडे असतो. तिन्ही शास्त्रं एका व्याख्येत बसली आणि नावात मात्र एकही नाही. त्यात अजून गंमत, ही लाट थंडीतही येऊ शकते, कारण तुलना त्या तारखेशी आहे, कुठल्या ठरावीक डिग्रीशी नाही. जमिनीवरची उष्णतेची लाट तशी नसते, हवामान खात्याच्या हिशोबात किनाऱ्यावर कमाल तापमान निदान ३७ अंश पाहिजे आणि नेहमीपेक्षा ४.५ अंशांनी तरी जास्त पाहिजे. दोन्ही लाटा, दोन्ही उष्णतेच्या, आणि व्याख्या सर्वस्वी वेगळ्या. व्याख्या शेजारी छापली नाही तर वाचणारा नावावरूनच अर्थ लावणार, दुसरं काय करणार तो.

नावावरून अर्थ लावण्याचा आणखी एक नमुना. समुद्राचं 'आम्लीकरण' अशी बातमी आली आणि एका मित्राने विचारलं की मोरजीला पोहायला गेलं तर अंगाची आग होणार का. समुद्राच्या वरच्या थराचा पीएच, म्हणजे पाणी आम्ल की अल्कली ते सांगणारा आकडा, औद्योगिक काळाआधी ८.२ च्या आसपास होता, आता ८.१ च्या आसपास आहे. सातच्या वर म्हणजे अजून अल्कलीच, आम्ल नव्हेच. पण पीएचची पट्टी अशी आहे की ०.१ ने खाली म्हणजे हायड्रोजन आयन चतुर्थांशाहून जास्त वाढले, आणि शिंपले-तिसऱ्यांना कवच बांधायला ते जड जातं. तिसऱ्यांची काळजी करा, अंगाची नको. हे सांगायला मला तीन वाक्यं लागली, कोशात एक शब्द आहे.

तुम्ही म्हणाल हा नुसता दोष काढतोय. नाही हो. याच मराठीत 'खारे वारे' आणि 'मतलई वारे' आहेत, दिवसा समुद्रावरून येणारे आणि रात्री जमिनीवरून जाणारे, शाळेच्या पुस्तकात आहेत, कोणीतरी शहाण्या माणसाने किनाऱ्यावरच्या लोकांच्या तोंडातनं उचलले. 'उधाणाची भरती' आणि 'भांगाची भरती' आहे, भांग म्हटल्यावर वर्गात मागच्या बाकावर हसू फुटतं ते सोडा, पण इंग्रजीतल्या स्प्रिंग टाइडपेक्षा उधाण शंभर पटीने बरं, त्या स्प्रिंगचा वसंत ऋतूशी काहीएक संबंध नाही. आमच्याकडे ओहोटीला सुकती म्हणतात. कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायची जुनी रीत आहे, चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या, जागेप्रमाणे थोडं मागेपुढे, आणि अष्टमीच्या आसपास भांग, अमावास्या-पुनवेला उधाण. ही एका ओळीतली व्याख्या आहे, तिच्यात चंद्रही आहे आणि हिशोबही आहे. पाण्याची खोली आबा अजून 'वाव' मध्ये सांगतात, दोन्ही हात पसरले की जेवढं होतं तेवढं. इंग्रजी खलाशांचा फॅदमही मुळात तेच, पसरलेले दोन हात. मग फॅदमला नवा संस्कृत शब्द शोधायला कोणी बसलं तर मी उपोषणाला बसेन.

आणि लोकांचा शब्द शास्त्रात चालत नाही असं कोणी म्हणायला नको. वारा नाही, पाऊस नाही, आणि अचानक समुद्र घरात शिरतो, दक्षिणेकडे हजारो किलोमीटरवर झालेल्या वादळातनं निघालेल्या लांब लाटांमुळे, त्याला केरळचे मच्छीमार 'कल्लक्कडल' म्हणतात, चोरासारखा येणारा समुद्र. २०१२ साली युनेस्कोने तो शब्द शास्त्रीय वापरासाठी मान्य केला. आता हैदराबादच्या इन्कॉइसच्या, म्हणजे समुद्राची माहिती देणाऱ्या राष्ट्रीय केंद्राच्या, इशाऱ्यांतही तो दिसतो. मल्याळी माणसाने समितीत बसून 'आकस्मिक दीर्घोर्मी आप्लावन' केलं असतं तर कोणी घेतलं असतं का?

एक दिशेचा प्रश्न मात्र लोकांच्या शब्दांनीही सुटत नाही, तिथे तुमचीच गरज आहे. वाऱ्याला नाव देतात तो जिथून येतो त्या दिशेचं, नैऋत्य मोसमी म्हणजे नैऋत्येकडून येणारा. पाण्याच्या प्रवाहाला नाव देतात तो जिकडे जातो त्या दिशेचं. आपल्या पश्चिम किनाऱ्याचा प्रवाह पावसाळ्यात दक्षिणेला वाहतो आणि हिवाळ्यात उत्तरेला. आता मराठीत नुसतं 'दक्षिणी प्रवाह' लिहिलं तर तो दक्षिणेकडून आला का दक्षिणेला चालला? मी हल्ली 'दक्षिणेला जाणारा' असं लांबलचक लिहितो, संपादक कापतात.

अजून एक, हे आमच्या गोव्याचं म्हणून सांगतो. दामोदर धर्मानंद कोसंबी, १९०७ साली इथे कोसबेला जन्मलेले, लोक त्यांना इतिहासकार म्हणून ओळखतात पण ते मुळात गणिती. १९४३ मध्ये त्यांनी एक पद्धत मांडली, जिच्यात ढीगभर आकड्यांच्या चढउतारातनं मोजके मूळ नमुने वेगळे काढता येतात. पुढे त्याच जातीची पद्धत दुसऱ्यांच्या नावाने प्रसिद्ध झाली, आणि आज समुद्राच्या तापमानाचे उपग्रहांचे आकडे चाळताना समुद्रशास्त्रज्ञ ती रोज वापरतात. आज दोना पावलाला असलेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ मध्ये सुरू झाली, त्याच वर्षी कोसंबी गेले. ही नोंद कोशात करायची तर नावाच्या आधी 'ही पद्धत करते काय' ते दोन ओळींत मराठीत लिहून दाखवा. नाव मग आपोआप सुचेल, नाही सुचलं तर कोसंबींचंच द्या.

मला शब्दांची घाई नाही, हे एव्हाना लक्षात आलं असेल. नॉर्मल, पर्सेंटाइल, पॉझिटिव्ह, ऑक्सिजन, हे शब्द आबांच्याही तोंडात आहेत, त्यांना राहू द्या. माझं स्वतःचं शिक्षण चौथीपर्यंत मराठीत आणि पाचवीपासून इंग्रजीत झालं, इथे बहुतेकांचं तसंच, त्यामुळे आम्हाला 'वेग' आणि 'व्हेलॉसिटी' दोन्ही अर्धे-अर्धे येतात. अडतं ते अर्थावर. मुलाला वेग आणि चाल यातला फरक विचारा, तो म्हणेल एक मराठी आणि एक जास्त मराठी. वेगात दिशा असते, चालीत नसते, पेडणे ते पणजी आणि परत असं तासाभरात कोणी गेलं तर त्याची सरासरी चाल भरपूर आणि सरासरी वेग शून्य, हे उदाहरण एकदा दिलं की जन्मभर विसरत नाही. असं एक उदाहरण प्रत्येक नोंदीला हवं. एक वाक्य व्याख्या, एक उदाहरण आकड्यासकट, आणि हाच शब्द दुसऱ्या शास्त्रात असेल तर तिथे तो काय म्हणतो त्याची एक ओळ. त्यासाठी कोश जाड झाला तर होऊ दे. शब्द निम्मे झाले तरी चालतील.

'संवेदनशीलता' तर राहिलीच. मेडिकलमध्ये टेस्टची सेन्सिटिव्हिटी म्हणजे शंभर आजारी माणसांतल्या किती जणांना ती बरोबर पकडते. पण पेशंटला हवं असतं उलट उत्तर, माझी टेस्ट पॉझिटिव्ह आली तर मी आजारी असण्याची शक्यता किती. हजार माणसांत दहा आजारी असतील, टेस्ट आजाऱ्यांतले नव्वद टक्के पकडत असेल आणि निरोगींतल्या नव्वद टक्क्यांना बरोबर सोडत असेल, तर पॉझिटिव्ह येणार नऊ खरे आजारी आणि नव्व्याण्णव धडधाकट. एकशे आठांत नऊ. आमच्या गावच्या तपासणी शिबिरात हे सांगितलं असतं तर अर्ध्या लोकांची रात्रीची झोप वाचली असती. फॉर्मवर फक्त एवढंच होतं, 'ही चाचणी अत्यंत संवेदनशील आहे'. एका काकूंनी मला विचारलं, म्हणजे हळू हाताने करतात का?

तर विनंती अशी. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी असते, ट्रॉलरवाले मोकळे असतात, शापोऱ्याच्या जेटीवर जाळी विणत बसलेले असतात. पुढची एक बैठक तिथे घ्या. यादी घेऊन या, शब्द मोठ्याने वाचा आणि समोरच्याला त्याचा अर्थ काय वाटला ते लिहून घ्या, आधी तुमचा अर्थ सांगू नका. दुसऱ्या दिवशी एखाद्या आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंकडे जाऊ, तिसऱ्या दिवशी माझ्या ट्यूशनला. राहायची सोय माझ्याकडे होईल, जेवण पण, पावसात ताजे मासे मिळाले नाहीत तर सुकटाची किस्मूर चालेल असं गृहीत धरतो. आबांना मी सांगून ठेवलंय. त्यांनी फक्त एक विचारलं, ती मंडळी येतील तेव्हा समुद्राचा इशारा असला तर त्यात काय लिवणार तू? मी म्हटलं, मोठ्या लाटांची सरासरी एवढी, आणि एखादी त्याच्या दुप्पट.

आपला,
पेडण्याचा एक ट्यूशनवाला